पतंगवाल्या खलनायकाची बाजू

सुपरहिरोंच्या मालिकांवर तावातावाने वाद घालणाऱ्या प्रौढ माणसांबद्दल दोन मतं प्रचलित आहेत. पहिलं बाहेरच्यांचं. घराचे हप्ते भरणाऱ्या, पोरंबाळं असलेल्या माणसांनी कुठल्या पृथ्वीवरचा कुठला फ्लॅश मेला यावर रात्र जागवावी, हा पोरखेळ झाला. दुसरं मत चाहत्यांनी स्वतःच्या बचावासाठी तयार ठेवलेलं असतं: ही आधुनिक पुराणं आहेत, सुपरमॅन म्हणजे पाश्चात्त्यांचा हनुमान. पहिल्या मतात तुच्छता आहे, दुसऱ्यात न्यूनगंड. उथळ मात्र दोन्ही सारखीच, कारण हे लोक नेमके कशावरून भांडतात ते ऐकून घेण्याची तसदी कुणीच घेतलेली नसते.

ऐकलं तर दोन विषय पुन्हा पुन्हा निघतात. एक, क्रॉसओव्हर: एका मालिकेतली पात्रं दुसऱ्या मालिकेत जातात तो प्रसंग. दुसरा, कॉमिकमधले चमत्कारिक खलनायक: पतंगावर उडणारा चोर, ठिपक्यांचा माणूस, मनातलं ओळखणारा गोरिला. वरवर पाहता यांचा एकमेकांशी संबंध नाही. माझं म्हणणं असं की हे दोन्ही वाद एकाच प्रश्नातून फुटतात. एका कथाविश्वात काय काय मावू शकतं, आणि एकदा आत घेतलेलं लक्षात कोण ठेवतं? विचित्र खलनायक पहिल्या अर्ध्या प्रश्नाची परीक्षा घेतो, क्रॉसओव्हर दुसऱ्या. ही विश्वं ज्यांच्या मालकीची आहेत त्या कंपन्यांना यातल्या कशाचंच उत्तर नीट देता आलेलं नाही. ते काम चाहत्यांच्या भांडणांतून होत आलं आहे, आणि ते गंभीर काम आहे.

१. विचित्रपणालाही वंशावळ असते

'बॅटमॅन'च्या १३३व्या अंकात, १९६० साली, काइट मॅन पहिल्यांदा आला. हा गडी पतंगाला लटकून उडतो आणि पतंगांच्याच मदतीने चोऱ्या करतो. त्याच्या दोन वर्षं आधी कॅलेंडर मॅन आला होता, जो तारखा आणि ऋतू पाहून गुन्हे करतो. १९६२मध्ये पोल्का-डॉट मॅन आला. तो अंगरख्यावरचे रंगीत ठिपके उपटून फेकतो आणि त्या ठिपक्यांची हत्यारं, वाहनं होतात. ऐकून हसू येतं, आणि यावंच. पण चार-पाच वर्षांच्या आत, एकाच प्रकाशनसंस्थेत, असा एकाच जातीचा माल का निघाला? लेखक सुचेल ते खरडत होते, या उत्तराने भागत नाही. सुचेल ते खरडणाऱ्याला एखादा तरी खुनी सुचला असता.

खुनी सुचायला बंदी होती, हे खरं उत्तर. १९५४मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं पुस्तक आलं. कॉमिक वाचून मुलं बिघडतात, हा त्याचा दावा. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या, आणि सरकारी कायदा येण्याआधी प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर कॉमिक्स कोड लादून घेतला. मढी, रक्तपिपासू पिशाच्चं, लांडगेमाणसं हद्दपार झाली. चांगल्याचा वाइटावर विजय दर वेळी झालाच पाहिजे, असं ठरलं. आणि एक कलम फार महत्त्वाचं होतं: गुन्हेगाराबद्दल वाचकाला कणव वाटेल अशा रीतीने गुन्हा दाखवायचा नाही.

या कलमांची बेरीज करून पाहा. खलनायकाची हिंसा गेली, त्याचं भय गेलं, त्याचं दुःखही गेलं. मग त्याच्यापाशी उरतं काय? फक्त क्लृप्ती. पतंग, ठिपके, कॅलेंडर. काइट मॅन हा लेखकाच्या वेडेपणाचा नमुना नसून एका नियमावलीने मागे ठेवलेला गाळ आहे.

दुसरं कारण बाजाराचं. १९५१मध्ये 'स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स'च्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर गोरिला होता आणि तो अंक नेहमीपेक्षा जास्त खपला. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी ते बरोबर हेरलं, आणि मग मुखपृष्ठांवर गोरिलांची रांगच लागली. १९५९मध्ये 'फ्लॅश'च्या कथेत अवतरलेला, माणसापेक्षा हुशार आणि दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणारा गोरिला ग्रॉड याच रांगेतला. म्हणजे आज ज्याची चेष्टा होते त्या प्रत्येक पात्रामागे कुठल्या तरी समितीचा ठराव किंवा विक्रीचा तक्ता सापडतो. चाहते जेव्हा अशी पात्रं उकरून काढून त्यांचा पहिला अंक, पहिला लेखक, पहिलं चित्र शोधतात, तेव्हा ते एका उद्योगाचा सामाजिक इतिहासच लिहीत असतात. त्यांना स्वतःला तसं वाटत नसेल कदाचित.

२. करुणेचा उपाय आणि त्याचं व्यसन

या गाळाचं पुढच्या पिढ्यांनी काय केलं? पहिला उपाय थट्टेचा. १९६६ ते १९६८ या काळात एबीसी वाहिनीवर चाललेल्या 'बॅटमॅन'ने १२० भागांत विचित्रपणाचा सरळ उत्सव केला. व्हिन्सेंट प्राइससारखा भयपटांचा बादशहा तिथे टकलावर अंड्याचा आकार चढवून एगहेड झाला आणि अंड्यांवरच्या कोट्या करू लागला. हा खलनायक कॉमिकमध्ये नव्हताच. मालिकेने स्वतः घडवला. थट्टा प्रामाणिक होती, पण तिची किंमत पुढे वीस-पंचवीस वर्षं मोजावी लागली. बॅटमॅन म्हणजे विनोद, अशी समजूत घट्ट बसली.

दुसरा उपाय करुणेचा, आणि तो जास्त गुंतागुंतीचा आहे. १९५९चा मिस्टर झीरो हा बर्फाची बंदूक बाळगणारा किरकोळ चोर. साठच्या दशकातल्या मालिकेने त्याला मिस्टर फ्रीझ हे नाव दिलं. १९९२च्या अ‍ॅनिमेशन मालिकेत पॉल डिनी यांनी लिहिलेल्या 'हार्ट ऑफ आइस' या भागाने त्याला आजारी बायको दिली, गोठवून ठेवलेली, बरी होण्याची वाट पाहणारी. बंदूक तीच राहिली, थंडीचा अर्थ बदलला. या भागाला एमी पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. १९५४च्या कलमाने खलनायकाकडून काढून घेतलेली कणव अडतीस वर्षांनी त्याला व्याजासकट परत मिळाली.

पण त्या भागाच्या यशातून एक वाईट पायंडा पडला. विचित्र खलनायक दिसला की त्याला मेलेली बायको, मेलेलं मूल किंवा क्रूर आई चिकटवायची, की झालं पात्र 'गंभीर'. चाहत्यांत यावर जो वाद चालतो तो साहित्यसमीक्षेच्या कुठल्याही परिसंवादात शोभावा असा आहे. दुःख जोडल्याने पात्र खोल होतं, की त्याचा विचित्रपणा आपल्याला सोसत नाही म्हणून आपण त्यावर दुःखाची चादर टाकतो?

दोन उदाहरणं शेजारी ठेवू. २०१७मध्ये टॉम किंग यांनी बॅटमॅनच्या कथामालिकेत काइट मॅनला पुन्हा आणलं. चार्ल्स ब्राउन हा घटस्फोटित, चिल्लर गुन्हेगार. जोकर आणि रिडलर यांच्या युद्धात नाइलाजाने ओढला गेलेला. रिडलर पतंगाच्या दोरीला विष लावतो आणि चार्ल्सचा लहान मुलगा मरतो. मग हा बाप पतंगाचा वेश शिवून अंगावर चढवतो. इथे दुःख पतंगातच आहे, दोरीच्या पोटात आहे. पतंग काढून घेतला तर दुःखही उरत नाही, आणि वेश घातलेला चार्ल्स पूर्वीइतकाच हास्यास्पद दिसतो. २०२१च्या 'द सुइसाइड स्क्वॉड' चित्रपटात पोल्का-डॉट मॅनला, प्रयोग करणारी निर्दय आई दिली गेली. तो ज्याच्या त्याच्यात तिलाच पाहतो. डेव्हिड डॅस्टमाल्चियन यांनी काम सुरेख केलं आहे, आणि रस्त्यावर राक्षसी आकाराची आई चालताना दिसते तो प्रसंग मला आवडतोही. तरी ती आई ठिपक्यांतून उगवलेली नाही. ती पेटीच्या, घड्याळाच्या, कुठल्याही खलनायकाला चालली असती. मला काइट मॅन उजवा वाटतो तो एवढ्यासाठी.

तिसरा उपाय सर्वांत अवघड: विचित्राला जसंच्या तसं आत घेणं. 'द फ्लॅश' मालिकेने ग्रॉडला गोरिलाच ठेवलं, त्याचं रूपक केलं नाही. २०१९मध्ये त्यांनी ग्रॉड आणि किंग शार्क नावाचा चालताबोलता शार्क यांची शहरात झुंज लावली आणि भागाचं नावही तेच ठेवलं. 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो' याहून पुढे गेली. तिथे बीबो नावाचं निळं, केसाळ, बोलणारं खेळणं चुकून व्हायकिंगांच्या काळात पोचतं आणि त्यांचा युद्धदेव होतं. २०१८मध्ये त्या पर्वाच्या शेवटी सगळी टोळी मिळून एक राक्षसी बीबो साकारते आणि मॅलस या पुरातन दैत्याशी भिडते. हे ऐकून डोक्याला हात लावणारा माणूस आणि हे पाहून टाळ्या पिटणारा चाहता यांत फरक इतकाच, की चाहत्याला ते खेळणं आधीच्या भागांतून ओळखीचं झालेलं असतं. बीबोचा विनोद लक्षात ठेवल्याशिवाय चालत नाही, आणि इथेच वादाचा पहिला विषय दुसऱ्याला येऊन मिळतो.

३. एक वाहिनी, एक पृथ्वी

दोन पृथ्व्यांमधल्या क्रॉसओव्हरचा इतिहास थट्टेनेच सुरू होतो. सप्टेंबर १९६१च्या 'फ्लॅश'च्या १२३व्या अंकात बॅरी अ‍ॅलन मुलांसमोर दोरीची जादू करताना इतका थरथरतो की भलत्याच पृथ्वीवर जाऊन पडतो. तिथे त्याला चाळिशीच्या दशकातला जुना फ्लॅश, जे गॅरिक भेटतो. पंचाईत अशी की बॅरीने लहानपणी जे गॅरिकची कॉमिक वाचलेली असतात! तो खुलासा करतो, की लेखक गार्डनर फॉक्स यांना झोपेत दुसऱ्या पृथ्वीवरचं दिसत असावं. ही कथा लिहिणारे खुद्द गार्डनर फॉक्सच. एका मिश्कील पळवाटेतून पुढची साठ वर्षं पुरणारं विश्वशास्त्र जन्माला आलं. १९६३पासून दोन पृथ्व्यांच्या वीरांच्या भेटींना 'क्रायसिस' म्हणायची प्रथा पडली.

दूरदर्शनवरचे क्रॉसओव्हर मात्र बराच काळ निव्वळ दुकानदारी होते. मार्च १९६७मध्ये 'बॅटमॅन'च्या दोन भागांत ग्रीन हॉर्नेट आणि त्याचा साथीदार केटो पाहुणे म्हणून आले. केटो होता ब्रूस ली. रॉबिन आणि ब्रूस ली यांची मारामारी चक्क बरोबरीत सोडवली गेली, कारण दोन्ही मालिका एकाच निर्मात्याच्या, एकाच वाहिनीच्या. त्याआधीच्या एका भागात ब्रूस वेन घरी बसून टीव्हीवर 'द ग्रीन हॉर्नेट' पाहतो. म्हणजे ज्या जगात ती काल्पनिक मालिका होती, त्याच जगात तिची पात्रं मुक्कामाला आली. गार्डनर फॉक्स यांनी निदान खुलासा तरी केला होता.

व्यवहाराची हीच सावली पुढे कथेवर कशी पडते याचं सुंदर उदाहरण म्हणजे 'सुपरगर्ल'. ही मालिका २०१५मध्ये सीबीएसवर सुरू झाली, तर 'अ‍ॅरो' आणि 'द फ्लॅश' सीडब्ल्यू या वाहिनीवर होत्या. वेगळी वाहिनी, म्हणून सुपरगर्ल वेगळ्या पृथ्वीवर. मार्च २०१६मध्ये फ्लॅश तिला भेटायला गेला तो विश्वाची सीमा ओलांडून. नंतर सुपरगर्ल सीडब्ल्यूवर आली तरी तिची पृथ्वी मात्र वेगळीच राहिली. करारातली अडचण भूगोल बनून बसली होती.

४. सारा डिगल कुठे गेली?

क्रॉसओव्हर चांगला की वाईट, हे कशावर ठरवायचं? बहुतेक परीक्षणं आकारावर ठरवतात: किती वीर, किती मोठी लढाई. माझी कसोटी एकच आहे. एका घरात घडलेल्या गोष्टीचा हिशेब दुसऱ्या घरात चुकता होतो का?

हा मुद्दा एका बाळावरून जितका कळतो तितका दहा लढायांवरून कळत नाही. 'अ‍ॅरो'मधल्या जॉन डिगल आणि लायला यांना मुलगी झालेली असते, सारा. २०१६च्या ऑक्टोबरात 'द फ्लॅश'मध्ये बॅरी आईचा खून टाळण्यासाठी भूतकाळात जातो, कालप्रवाह मोडतो, मग दुरुस्त करतो. पण दुरुस्ती तंतोतंत होत नाही. त्या गडबडीत डिगलच्या घरी सारा उरत नाही. तिच्या जागी जॉन नावाचा मुलगा असतो, आणि आपल्याला मुलगी होती हे डिगलला माहीतही नसतं. एका मालिकेच्या नायकाने स्वतःच्या आईसाठी जे केलं त्यात दुसऱ्या मालिकेतल्या माणसाची लेक पुसली गेली. त्याच वर्षीच्या 'इन्व्हेजन' या क्रॉसओव्हरमध्ये परग्रहवासी चाल करून येतात, चार मालिकांतले वीर एकत्र जमतात, आणि त्या धामधुमीत बॅरी डिगलला हे सांगतो.

त्यानंतर? त्यानंतर जवळपास काही नाही. डिगल संतापतो, आणि परग्रहवासी हरल्यावर मालिका आपल्या वाटेने जातात. परग्रहवाशांची चढाई आज कुणाला नीट आठवत नाही, पण 'साराचं काय झालं?' हा प्रश्न चाहत्यांनी सोडला नाही. डिगलने माफ केलं तर कधी केलं? न आठवणाऱ्या मुलीचा शोक करता येतो का? बॅरी दोषी आहे, की त्याच्याकडून अपघात घडला? कुठल्याही नीतिशास्त्राच्या वर्गात घ्यावेत असे हे प्रश्न आहेत, आणि ते लेखकांनी टाकून दिले म्हणून प्रेक्षकांनी उचलले. पुढे मोठ्या क्रायसिसनंतर नवी पृथ्वी तयार झाली तेव्हा डिगलच्या घरी सारा परत आली. हिशेब उशिरा का होईना, वहीत चढला.

५. लाल आकाशाखाली

तो मोठा क्रायसिस म्हणजे 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स': ८ डिसेंबर २०१९ ते १४ जानेवारी २०२०, पाच मालिकांचे पाच भाग. त्याची खूण पाच वर्षं आधी ठेवलेली होती. ऑक्टोबर २०१४च्या 'द फ्लॅश'च्या पहिल्याच भागात भविष्यातलं एक वर्तमानपत्र दिसतं, तारीख २५ एप्रिल २०२४, बातमी अशी की क्रायसिसमध्ये फ्लॅश नाहीसा झाला. नंतर कालप्रवाह बदलल्याचं निमित्त करून ही तारीख १० डिसेंबर २०१९वर आणली गेली, आणि त्या दिवशी खरोखरच क्रायसिसचा तिसरा भाग दाखवला गेला. (शहाणपणच केलं. मालिका मे २०२३मध्ये संपली. मूळ तारखेची वाट पाहिली असती तर नाहीसं व्हायला फ्लॅश शिल्लकच नव्हता.)

या पाच भागांत दोन तऱ्हेचे पाहुणे येतात. साठच्या दशकातला रॉबिन, बर्ट वॉर्ड, कुत्रा फिरवताना लाल झालेलं आकाश पाहून दचकतो आणि जातो. त्याला ओळखल्याचा आनंद क्षणभराचा. तो माफक असतो आणि तेवढाच असावा. दुसऱ्या तऱ्हेचा पाहुणा जॉन वेस्ली शिप. हा १९९०च्या 'द फ्लॅश' मालिकेचा नायक. नव्या मालिकेत तो आधी बॅरीचा बाप झाला, मग जे गॅरिक झाला, आणि शेवटी स्वतःचा तीस वर्षांपूर्वीचा फ्लॅश म्हणून परतला. नव्या बॅरीने मरायचं असं भाकीत आहे. त्याच्याऐवजी हा म्हातारा फ्लॅश त्याचा वेग काढून घेतो आणि स्वतः धावतो. मरताना त्याला एक जुना क्षण आठवतो, आणि पडद्यावर १९९०च्या मालिकेतलंच खरं दृश्य येतं: तरुण शिप, जुन्या टीव्हीचे ते मऊ रंग, समोर त्या मालिकेतली टीना. एका पर्वानंतर बंद पडलेल्या मालिकेला तिचा शेवट एकोणतीस वर्षांनी, दुसऱ्याच्या घरात मिळाला. ज्याने ती जुनी मालिका पाहिलेली नाही त्यालाही यात एका बापाचं मरण दिसतं.

आता याच्या उलट २०२३चा 'द फ्लॅश' चित्रपट. त्याच्या अखेरीस अनेक विश्वं एकमेकांवर आदळतात आणि दिवंगत जॉर्ज रीव्ह्ज, दिवंगत क्रिस्टोफर रीव्ह यांचे संगणकाने घडवलेले चेहरे फिरताना दिसतात. ते काही करत नाहीत, त्यांना काही होत नाही. सुपरमॅनचे चाहते यावर खवळले तेव्हा त्यांना 'तुम्हाला कशातच समाधान नाही' असं सुनावलं गेलं. पण त्यांची तक्रार नेमकी होती. मेलेल्या माणसाला बोलावता तर त्याच्यासाठी कथेत काही काम ठेवा. नुसती मांडणी करायची तर संग्रहालय आहेच.

६. पत्रांच्या पानावरून

चाहत्यांचा हा वाद म्हणजे एक प्रकारचं संपादनच, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ज्युलियस श्वार्ट्झ वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते छापू लागले, आणि वाचक परस्पर एकमेकांना लिहू लागले. त्यातल्या जेरी बेल्स यांनी १९६१मध्ये रॉय थॉमस यांच्या साथीने 'ऑल्टर ईगो' हे चाहत्यांचं नियतकालिक काढलं. थॉमस १९७२मध्ये मार्व्हलचे मुख्य संपादक झाले. मार्व्हलमध्ये स्टॅन ली यांनी तर कथेतली विसंगती नुसती दाखवणाऱ्याला नव्हे, ती विसंगती कशी नाहीच हे पटवून देणाऱ्याला 'नो-प्राइझ' पाठवायची पद्धत पाडली. पाकीट यायचं, आत काहीच नसायचं. लोक त्या रिकाम्या पाकिटासाठी डोकं खपवत.

ज्या क्रायसिसवरून २०१९चा क्रॉसओव्हर बेतला ते मूळ कॉमिक मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांचं, १९८५-८६मधलं, बारा अंकांचं. त्याचं बीज एका वाचकाच्या पत्रात होतं: एक पात्र ग्रीन लँटर्नला पूर्वी भेटलेलं असूनही आता ओळखत कसं नाही? उत्तर देताना वुल्फमन यांना जाणवलं की हे सगळं विश्वच एकदा नीट लावायला हवं.

आणि बिल फिंगर यांचं प्रकरण. बॅटमॅन घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या फिंगर यांचं नाव कित्येक दशकं कुठे नव्हतं. श्रेय एकट्या बॉब केन यांचं. १९६५मध्ये जेरी बेल्स यांनी फिंगर यांना भेटून त्यांच्या वाट्याबद्दल लेख लिहिला. केन यांनी संतापून खंडन केलं. फिंगर १९७४मध्ये वारले. चाहत्यांनी आणि संशोधकांनी हा वाद चार दशकं जिता ठेवला, आणि २०१५मध्ये कंपनीने अधिकृत श्रेय द्यायचं मान्य केलं. पतंगवाल्या खलनायकाची ती पहिली कथाही फिंगर यांचीच. कुठल्या अंकात कोण पहिल्यांदा आलं, असल्या 'क्षुल्लक' चौकशीशिवाय हा अन्याय कागदावर कधी सिद्धच झाला नसता.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की हा सगळा भांडवलाचा खेळ आहे. क्रॉसओव्हर म्हणजे एका मालिकेचा प्रेक्षक दुसरीला विकणं. मान्य. सुपरगर्लच्या पृथ्वीची कथा मी वर सांगितलीच. पण हा आक्षेप माझ्या बाजूने जातो. कंपनीची स्मरणशक्ती करारांपुरती असते. जानेवारी २०१६मध्ये 'अ‍ॅरो'तल्या अमांडा वॉलरला अचानक गोळी घातली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉलर हे महत्त्वाचं पात्र असलेला 'सुइसाइड स्क्वॉड' चित्रपट आला. मालकालाच जे विसरण्यात फायदा आहे ते दुसऱ्या कुणी तरी लक्षात ठेवावं लागतं. 'आधुनिक पुराणं' ही उपमा इथेच फसते. अहिरावण-महिरावणाची कथा वाल्मीकीत नाही, तरी ती सांगायला कुणाची परवानगी लागली नाही. एकनाथांनी रामायण आपल्या रीतीने सांगितलं, श्रीधरांनी आपल्या. दोन्हींत जुळवाजुळव करायला कुणी क्रायसिस घडवून आणला नाही. रामकथेला मालक नाही, म्हणून तिच्यात विसंगती सुखाने नांदते. बॅटमॅनला मालक आहे, म्हणून विसंगतीवर भांडावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार, आणि तो घरातूनच आलेला. कॉमिक लेखक ड्वेन मॅकडफी यांनी दाखवून दिलं की क्रॉसओव्हरचं तर्कशास्त्र काटेकोर लावलं तर त्याचा फज्जा उडतो. 'सेंट एल्सव्हेअर' ही इस्पितळाची मालिका १९८८मध्ये संपताना ती सगळी एका मुलाच्या कल्पनेतली असावी असं सुचवलं गेलं. मग तिच्याशी क्रॉसओव्हरने जोडलेल्या मालिका, त्यांच्याशी जोडलेल्या इतर मालिका, सगळ्याच त्या मुलाच्या डोक्यात! मॅकडफी यांचा रोख बरोबर आहे. सुसंगती हे साध्य मानलं की कथा मरते. २०२१मध्ये 'वांडाव्हिजन' चालू असताना असंख्य लोक प्रत्येक चौकटीत मेफिस्टो हा सैतान शोधत होते. एक्स-मेन चित्रपटांतला नट इव्हान पीटर्स दिसताच एक्स-मेनचं दार उघडलं असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मेफिस्टो आला नाही, पीटर्स यांचं पात्र एक साधा स्थानिक माणूस निघालं, आणि नवरा गेलेल्या बाईच्या शोकाची ती मालिका या शोधाशोधीत अनेकांनी पाहिलीच नाही. खुणा शोधणं आणि परिणामांचा हिशेब मागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वेशाचा रंग बदलला यावर रुसणारा चाहता आणि साराचं काय झालं असं विचारणारा चाहता एकाच माणसात राहू शकतात. मी बाजू घेतोय ती दुसऱ्याची.

तिसरा आक्षेप सर्वांत कडवा आहे आणि त्याला माझ्यापाशी सुटसुटीत उत्तर नाही. स्मरणशक्ती हत्यार म्हणूनही वापरता येते. २०१४मध्ये 'द फ्लॅश'मधल्या आयरिस वेस्टच्या भूमिकेसाठी कँडिस पॅटन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची निवड झाली. १९५६च्या कॉमिकमधली आयरिस गोरी होती, हे कारण पुढे करून तिला वंशद्वेषी शिवीगाळ झाली, वर्षानुवर्षं झाली. तिने स्वतः हे जाहीरपणे सांगितलं आहे. असे लोक स्वतःला मूळ कथेचे रखवालदार म्हणवून घेतात. पण त्यांच्या रखवालीची तपासणी त्यांच्याच मालिकेच्या मोजपट्टीने करू. त्याच मालिकेत मनातलं ओळखणारा गोरिला आहे, चालणारा शार्क आहे, एकाच नटाचे तीन अवतार आहेत, मुलगी पुसून तिच्या जागी मुलगा ठेवणारा काळ आहे. यातलं कशानेच त्यांचं अडलं नाही. गोरिलासाठी विश्व वाटेल तेवढं ताणलं गेलं आणि वार्ताहर असलेल्या एका काळ्या मुलीपाशी येऊन ते म्हणे फाटलं. शिव्या घालणाऱ्यांना कॉमिकमधलं एकच पान पाठ होतं. ज्यांना पुढची-मागची पानं पाठ होती, ज्यांनी दोन पृथ्व्यांचे दोन फ्लॅश, बदलत गेलेली नावं, रंग, वंश, मृत्यू हे सगळं पचवलं होतं, त्यांतले पुष्कळ चाहते पॅटनच्या बाजूने याच मैदानात, याच तपशिलांनिशी भांडले. मालिका संपली ती २४ मे २०२३ला, नवव्या पर्वाअखेर, आणि त्या शेवटच्या भागातही आयरिस तीच होती.